मोजदाद

पेइप्सी सरोवराला लागून एकच रस्ता, लांबच लांब,
दोन्ही अंगांना घरं, घरांपुढे कांद्याचे उंच वाफे.
मी तार्तूहून बसने उतरले तेव्हा
पिशवीत प्रश्नावलीच्या साठ प्रती होत्या
आणि गावात माणसं एकोणपन्नास.

पहिल्या रविवारी वहीत लिहिलं :
प्रार्थनाघर, सकाळचे सात.
स्त्रिया डावीकडे, नऊ. पुरुष उजवीकडे, दोन.
पुजारी नाही. तीनशेहून जास्त वर्षं नाही.
क्रूस दोन बोटांनी. दंडवताला
चिंध्यांची चौकोनी गादी, तळव्यांना माती लागू नये म्हणून.
हातात चामड्याची माळ, मण्यांऐवजी घड्या,
एकेका जपाला एकेक घडी पुढे सरकते.
सरासरी वय...
इथे मी थांबले,
कारण फेवरोनिया इग्नात्येव्नानं मान वळवून
माझ्या पेन्सिलीच्या खरखरीकडे पाहिलं.
तीही मोजत होती. मी तिचा आकडा चुकवला.

चहा मात्र तिनंच दिला.
फडताळाच्या वरच्या खणातून तिचा कप,
खालच्या खणातून, कान तुटलेला, माझा.
"हा बाहेरच्यांचा," हवामान सांगावं तशी म्हणाली,
"पोस्टमन, डॉक्टर, माझा जावई."
त्या रात्री मी त्या कपावर पाच पानं लिहिली :
शुद्धता, सीमारेषा, समूहाचं टिकून राहणं.
चांगली उतरली होती पानं.
त्यात एवढंच नव्हतं
की चहा संपल्यावर कप मीच विसळला,
आणि मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टभर कांद्याच्या वेण्या घालत मुलाखती.
प्रश्न नऊ : तुमची श्रद्धा किती दृढ आहे, एक ते पाच?
"आज? आज गुडघा धरलाय. तीन लिही."
निकांद्र, एक्याऐंशी वर्षांचा, पोथी वाचणारा,
मुलगा फिनलंडात ट्रक चालवतो.
प्रार्थनेला का येता?
बराच वेळ त्यानं पातीची टोकं खुडली.
"नाही आलो तर बायकांना वाटेल, मेलो.
मग उगाच बर्फातून चालत येतील बघायला."
मी लिहिलं : सामाजिक बंध.
त्यानं वाकून वाचलं, म्हणाला,
"बर्फ लिहिला नाहीस."

फेब्रुवारीत तो आला नाही.
बायका बर्फातून चालत गेल्या. नऊच्या नऊ. मीही.

मृताजवळ रात्रभर स्तोत्रं वाचावी लागतात.
वाचणारा तर फळीवर निजलेला,
आणि उरलेल्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
मला ती जुनी अक्षरं येत होती,
विद्यापीठात दोन सत्रं घालवली होती त्यांच्यावर.
मी तोंड उघडायच्या आत फेवरोनिया म्हणाली,
"तू वाचायचं नाहीस."
मग मेणबत्ती माझ्या हातात दिली.
"उजेड धर. जवळ. अजून जवळ."

अशी पहाटेपर्यंत.
ती एकेक ओळ बोटानं चाचपत होती,
अडली की मागच्या बायका पुढचा शब्द द्यायच्या, पाठ असलेला.
एकदा सगळ्याच अडल्या.
शब्द माझ्या समोर होता, ढळढळीत.
मी मेणबत्ती खाली नेली, पार कागदापाशी,
अंगठ्यावर मेण ओघळलं,
आणि तिला तो दिसला.

त्या रात्रीची नोंद नाही.
दोन्ही हात गुंतलेले होते, असं पर्यवेक्षकांना कळवलंय.
उपस्थिती दहा लिहायची की नऊ,
हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दफनानंतर चहा.
कप तोच, खालच्याच खणातला, तुटक्या कानाचा.
मी विसळला, पालथा घातला.
दारात बूट चढवताना ती मागून म्हणाली,
"परवा पेन्सिल विसरलीस.
वरच्या खणात ठेवलीय."

वरच्या खणात.
त्या खणाला माझा हात लागलेला चालत नाही,
आणि काढून द्यायला ती काही उठली नाही.

बस सुटायला अजून वीस मिनिटं होती.
मी तशीच निघाले.